वाणात दिलेला पदर

दत्तूकाका आवट्यांनी आयुष्यभर एस.टी. चालवली. इचलकरंजीत राहूनही कापडाशी त्यांचा संबंध अंगात घालण्यापुरता. असा माणूस समाजमंदिराच्या सतरंजीवर मान वाकडी करून पडला होता. डोळे उघडे होते आणि डाव्या हाताचा अंगठा दोन बोटांवर फिरत होता. सावकाश, पुन्हा पुन्हा, कापडाचा पोत बघताना फिरवतात तसा.

ती सवय माझी आहे. मी एका कापड कारखान्यात शर्टाच्या कापडाची डिझाइनं करते, पट्ट्या आणि चौकटी. कापड हातात आलं की माझा अंगठा आपोआप फिरतो. आणि मला फिट येते तेव्हा, शुद्ध जाण्याआधी, हातात काहीही नसताना डावा अंगठा असाच फिरतो. आईनं व्हिडिओ काढून ठेवलेत, म्हणून मला माहीत आहे.

दत्तूकाकांच्या पलीकडे आणखी दोघं पडली होती. एक पिठाच्या गिरणीचा मालक आणि एक बँकेत काम करणारी बाई. त्यांचेही डावे अंगठे फिरत होते. तिघांचे एकाच तालात. मी स्वतःलाच तीन ठिकाणी बघत होते.

"ट्यूब बंद करा!" आई मागून ओरडली. "आधी ती ट्यूब बंद करा!"

कोपऱ्यातली ट्यूब मरायला टेकली होती आणि फडफडत होती. फडफडणारा कुठलाही दिवा दिसला की मी आधी खाली बघते, तशी शिस्तच लागली आहे. म्हणून मी वाचले, आणि खाली बघितलं म्हणूनच मला ते हात दिसले. कुणीतरी बटण दाबलं. थोड्या वेळानं तिघंही शुद्धीवर आली. प्रमिलाकाकूंनी, म्हणजे दत्तूकाकांच्या बायकोनं, नवऱ्याचं तोंड पुसलं, हळदीकुंकवाचं तबक होतं तिथंच टाकलं आणि त्या माझ्या आईसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुंदाताई, आमच्या माणसाची फिट मला पाठ हाय. पाय झाडत्यात ते. हाताचं असलं काय कवाच नव्हतं. ही कुणाची फिट हाय?"

आईनं माझ्याकडे बघितलं.

*

आता मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं आकडीच्या रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं मंडळ आहे. त्यातल्या प्रत्येक रुग्णाच्या कवटीखाली एकाच जातीचं यंत्र आहे. नखाएवढी पट्टी. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक धक्क्यांनी बोलतात, आणि एरवी प्रत्येकीचं आपापलं चाललेलं असतं. आकडी येते म्हणजे त्या सगळ्या एकाच वेळी, एकाच सुरात ओरडायला लागतात. तो ओरडा सुरू होतोय अशी चाहूल लागली की पट्टी उलटा झटका देऊन सूर मोडते. हे सगळं चालवणाऱ्या प्रोग्रामचं नाव 'साथ'. तो कुठल्या कंपनीचा नाही. देशोदेशीच्या डॉक्टरांनी आणि प्रोग्रामरांनी मिळून लिहिला आणि खुला ठेवला. कुणीही वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. अट एकच. साथमधून काही घडवून दुसऱ्याला दिलंत, तर त्याचा सोर्सही, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूरही, त्याच मोकळिकीनं द्यायचा. वर स्वतःची एकही अट घालायची नाही.

साथ सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, म्हणून तिला जोड लावतात. प्लगइन म्हणा हवं तर. जोड दोन जातींचे. बाहेरचा जोड वेगळा राहतो आणि साथला निरोप पाठवतो, शेजारणीनं खिडकीतून हाक मारावी तसा. तो स्वतंत्र प्रोग्राम, त्याला साथचा परवाना लागू होत नाही. आतला जोड मात्र साथच्याच स्मृतीत मिसळून चालतो. कुठं साथ संपली आणि कुठं जोड सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून तो साथचाच भाग धरतात, आणि साथचा परवाना त्याला चिकटतो.

हे वाद पूर्वी कोर्टात चालायचे. मग एका कंपनीनं आतले जोड सोर्स झाकून विकले. कंपनी बुडाली, जोड बिघडले, आणि आत काय लिहिलंय तेच ठाऊक नसल्यानं कुणाला ते दुरुस्त करता येईनात. माणसं मेली. तेव्हापासून साथमध्येच पहारा बसवलाय. एकच आतला जोड एकाहून जास्त डोक्यांत सापडला आणि त्याचा सोर्स खुल्या फळीवर, म्हणजे कुणालाही वाचता येईल अशा सार्वजनिक जागी नसला, तर पहारा थोडी मुदत देतो आणि मग तो जोड बंद पाडतो. साथ खुलीच आहे, पहारा खरवडून काढायला कुणाची ना नाही, पण डोक्यातली पट्टी साथ सांभाळणाऱ्या संस्थेच्या सहीशिवायची साथ चालवतच नाही. एकदा कवटी शिवली की हुज्जत घालायची सोय नसते.

स्वतःपुरता जोड लिहिला तर परवान्याचं काही म्हणणं नाही. माझ्या आईनं तेच केलं होतं. ती पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. माझी फिट साथला आवरेना. शेवटची मोठी फिट सुरू झाली ती थांबेचना, आयसीयूत डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावून सांगितलं की अशी आणखी एक आली तर आमच्या हातात काही राहणार नाही. आई निवृत्त झाली, घरी बसली, आणि तिनं माझ्यासाठी आतला जोड लिहिला. नाव ठेवलं 'पदर'.

माझ्या फिटेला किल्ली आहे. उजेड आणि अंधाराचा एक ठरावीक क्रम. बारीक, बारीक, जाड, मग फट, पुन्हा बारीक. मला पहिली फिट आली तीच मुळी मागावर सरकणाऱ्या पट्टेरी कापडाकडे बघताना. आईनं त्या क्रमाचे आकडे शोधले आणि पदरमध्ये घातले. रोज सकाळी पदर त्या किल्लीचा अगदी थेंबभर झटका माझ्या मेंदूला देतो, मेंदू किती दचकला ते बघतो, आणि त्यावरून दिवसभराचा बंदोबस्त ठरवतो. लस टोचतात त्यातलाच प्रकार. पदर आल्यापासून मला मोठी फिट आली नव्हती. मी एकटी बसनं कामाला जायला लागले होते. कुणाला हे एवढंसं वाटेल, तर वाटू दे.

आता वाणाचं. बाबा गेल्यापासून आईला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. आमच्या मंडळात तसला भेद नाही. आदल्या वर्षीच्या संक्रांतीला प्रमिलाकाकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "कुंदाताई, औंदा वाण तुम्ही लुटायचं." आई घरी येऊन पदराला डोळे पुसत बसली. इतर बायका वाणात प्लास्टिकचे डबे आणि चहाच्या गाळण्या देतात. आईला काहीतरी भारी द्यायचं होतं. तिनं पाच घरांना पदर दिला.

चालता प्रोग्राम दिला, सोर्स दिला नाही, कारण सोर्समध्ये माझी किल्ली होती. पाचही घरांत फिटा कमी झाल्या आणि बायकांनी आईला डोक्यावर घेतलं. कॉम्प्युटरच्या मास्तरणीला परवाना माहीत नव्हता असं कसं म्हणू? वर्गात तीच शिकवायची. पण वाण देणं म्हणजे वितरण करणं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिळगुळाबरोबर दिलेल्या वस्तूला कोण वितरण म्हणतं?

*

पहारा एकाच वेळी आलेल्या फिटांच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघतो. हळदीकुंकवाच्या त्या दिवशी तीन डोक्यांतून एकदमच एकसारखी नोंद गेली आणि पहारा जागा झाला. संध्याकाळपर्यंत आमच्यासकट सगळ्यांच्या फोनवर सूचना आली. या जोडाचा सोर्स उपलब्ध नाही. मुदतीत उपलब्ध न केल्यास जोड थांबवण्यात येईल.

मुदत होती महिन्याची. मला पदरशिवायचे दिवस आठवले.

"घाबरू नको," आई म्हणाली. "आतला जोड म्हणून परवाना लागतोय ना? मी तो बाहेरचा करते. निरोप पाठवेल लांबून. मग कुणाला सोर्स दाखवायची गरज नाही."

आठवडाभर ती जेवणाच्या टेबलावरून उठली नाही. मग एका सकाळी माझ्या पट्टीत पदरचा नवा, बाहेरचा अवतार चालू झाला. निरोप जायला आणि यायला लागणारा वेळ पापणी लवायच्या आतला होता, पण मेंदूला तेवढा पुरतो. सकाळचा थेंब माझ्यावरच उलटला. मी दूध तापवत होते. नंतर आठवतो तो ओट्याचा कोपरा, फाटलेला ओठ आणि माझ्या डोक्याखाली आईची मांडी. ती माझ्या हाताचा अंगठा मुठीत घट्ट धरून बसली होती, जणू तो धरला की सगळं थांबणार होतं.

तिनं जुना पदर परत लावला. ओठाला टाके घालून आलो, तेव्हा रिक्षातच तिनं दुसरी युक्ती काढली.

"आकडे बाहेर काढते. परवाना प्रोग्रामला आहे, माहितीला नाही. तुझी किल्ली वेगळ्या फाइलीत, आणि फाइल आपल्या घरात. उरलेला सोर्स फळीवर टाकून द्यायचा. पहारा गप्प बसेल आणि कायदाही."

मला इतकं हायसं वाटलं की टाके दुखत असतानाही मी हसले. घरी येऊन मऊ भात खाल्ला. भात खाता खाताच माझं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं.

"आई, आणि दत्तूकाकांचा अंगठा?"

ती भांडी आवरायला लागली.

"आई."

"काय?"

"त्यांच्या फिटेची किल्ली वेगळी असणार. त्या ट्यूबच्या फडफडीत माझी किल्ली होती. तिनं ते का पडले?"

आईनं नळ बंद केला. माझ्याकडे पाठ करूनच बोलली. वर्षभर रोज सकाळी पदरनं त्या पाच जणांच्या मेंदूला माझी किल्ली दाखवली होती, थेंबाथेंबानं. रानातनं रोज एकाच जागेवरून चालत गेलं की वाट पडते. तशी माझ्या फिटेची वाट त्यांच्या डोक्यात पडली होती. अंगठ्यासकट.

"तुला कधी कळलं?"

"त्या दिवशी समाजमंदिरात. तुझ्यासारखंच, हात बघून."

"आणि आता तू आकडे काढून सोर्स फळीवर टाकणार. त्यांच्या डोक्यात काय आहे ते कुणालाच कळणार नाही."

"परवान्यात एवढंच मागितलंय."

"परवान्याचं सोड!"

मी इतक्या जोरात ओरडले की ओठाचा टाका ताणला. आई वळली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ती चोरी पकडल्यासारखी दिसत नव्हती, ती नुसती भेदरलेली होती.

"ऋजू, ते आकडे म्हणजे काय ते समजतंय ना तुला? ते ज्याच्या हातात, तो फोनचा पडदा तुझ्यासमोर धरून तुला पाडू शकतो. जिन्यात, रस्त्यात, कुठंही. थांबली नाही तर? जग चांगलं आहे असं मला कुणी लिहून दिलंय? तुझी किल्ली मी चव्हाट्यावर टांगू?"

मला स्वतःलाच तसं वाटत होतं. मला दत्तूकाकांची दया आली होती, पण माझ्या स्वतःच्या भीतीपुढे ती फार लहान होती. खरं तेच सांगते.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. पाच घरांना किल्ली द्यायची, आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावायची. परवान्यात जादा अट चालत नाही हे मी म्हणाले. आई म्हणाली, शपथ म्हणजे अट नव्हे, शपथ म्हणजे माणुसकी. मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

*

आवट्यांच्या घरी दुपारी गेलो. दत्तूकाका खिडकीचा पडदा ओढून बसले होते. टीव्हीवर चादर टाकली होती. ज्या माणसानं आंबोलीच्या घाटात धुक्यातून एस.टी. नेली, तो आता दाराबाहेर पडत नव्हता.

"चहा न्हाई टाकणार," प्रमिलाकाकू म्हणाल्या. "आधी सांगा."

आईच्या आधी मीच म्हणाले, "काकू, ती फिट माझी आहे."

त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला आणि उलटासुलटा करून अंगठा बघितला. मला वाटलं, आता मारणार.

"हे आमच्या ह्यांच्या डोस्क्यात कसं गेलं?"

मी सांगितलं. थेंब, वाट, किल्ली, सगळं. त्यांना समजेल असं नाही, मला समजलं होतं तसं. शेवटी त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "पोरी, मला ह्यांना आता अंगणातबी न्यायला भ्या वाटतंय. कुठला दिवा, कुठला पंखा, कुठल्या झाडाची सावली, काय कळंना झालंय. सगळ्यालाच भ्यायचं म्हणजे जगायचं कसं? नेमकं कशाला भ्यायचं, तेवढं तरी सांग."

मी फरशीवर बोटानं वाजवून दाखवलं. बारीक, बारीक, जाड, फट, बारीक. कानानं ऐकून काही होत नाही, ते डोळ्यांचं आहे. तरी दत्तूकाकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"एवढंच?" काकू म्हणाल्या.

"एवढंच."

"प्रमिलाताई," आईनं पर्समधून हळदीची पुडी काढली. "हे तुमच्या पाच घरांच्या बाहेर जाता कामा नये. माझ्या लेकीचा जीव आहे त्यात. शपथ घ्या."

प्रमिलाकाकूंनी पुडीकडे बघितलं, मग आईकडे, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला.

"पाच घरं कुठली, कुंदाताई? वाण कुणी घरात ठिवून घेतंय व्हय?"

"म्हणजे?"

"अवो, माझ्याकडं आलेली गाळणी मी जयसिंगपूरच्या नणंदंला दिली. आणि तुमचा पदर तिच्या गल्लीतल्या एका बाईच्या लेकाला. त्याला लय गुण आला. त्या बाईनं पुढं पुण्यात भावजयंला दिला म्हणं. बाकीच्या चौघींनीबी दिलाच आसणार की."

आईनं हळदीची पुडी परत पर्समध्ये टाकली.

"किती जणांना?"

"आता ते कसं सांगायचं? वाणाचा हिशेब कोण ठिवतंय?"

*

परत येताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी घरात एखादी बाई स्वयंपाक करत असेल, किंवा एखादा माणूस मोटारसायकल चालवत असेल, आणि माझी फिट त्याच्या डोक्यात दबा धरून बसली असेल. त्याला ठाऊक नाही. त्याच्या डॉक्टरला ठाऊक नाही. मुदत संपली की पहारा त्याचा पदर काढून घेईल, वाट मात्र तशीच राहील, राखण नसलेली.

आईनं साथच्या संस्थेला फोन लावला. पलीकडची बाई चांगली होती, शांतपणे ऐकत होती. पडलेली वाट बुजवणारा जोड लिहिता येईल, ती म्हणाली, करणारे लोक आहेत. पण बुजवायला किल्ली लागेल, आणि तो जोडही आतलाच असणार, म्हणजे किल्ली त्याच्या सोर्समध्ये उघडी असणार.

"गुपचूप नाही का होणार?" आईनं विचारलं. "फक्त तुमच्या डॉक्टरांपुरतं?"

"आमच्याकडे बंद कपाट नाही, बाई. ते असतं तेव्हा काय होतं ते आम्ही एकदा बघितलंय. आणि तुमचा जोड कुणाकुणाकडे गेलाय ते तुम्हालाही माहीत नाही. पहारा ठरावीक सूचनाच पाठवतो, माणसांची नावं ठेवत नाही. त्यांना कळवणार कसं?"

फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप ओढला. आईनं तो परत आपल्याकडे ओढला.

"माझं डोकं आहे, आई."

"तुझं डोकं आहे. पण पडल्यावर उचलून मी नेते."

मी नुसता हात पुढे करून बसले. मला वाटतं, तिनं माझं म्हणणं मान्य केलं नाही कधीच. पण भर दुपारी, बाहेर भंगारवाला ओरडत असताना, तिनं स्वतःच्या हातांनी फाइल उघडली. सगळ्यात वर परवान्याच्या ओळी टाकल्या. मग स्वतःचं नाव. मग आकड्यांच्या वर एक ओळ लिहिली: ही किल्ली माझ्या मुलीची आहे, जपून वापरा. तिनं ती ओळ पुन्हा वाचली आणि 'जपून वापरा' खोडून टाकलं. अट वाटायला नको म्हणून.

आणि पदर फळीवर गेला. सोर्स आता इथं वाचा, अशी पहाऱ्याची सूचना तो जिथं जिथं होता तिथं पोचली.

*

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखे नाहीत, पण सांगते. मी जाड काचेचा काळा चष्मा घालून कामाला जायचे. बसमध्ये कुणी फोन काढला की मान खाली. दुकानांच्या पाट्या, रिक्षातले रंगीत दिवे, लग्नाच्या वराती, सगळ्यांचा मला धसका बसला. शेजारी कुणी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला असला तरी मी जागा बदलायचे. माझे सगळे निरोप आधी आई बघायची.

चांगले निरोप आले. जयसिंगपूरहून, पुण्याहून, आणि जिथं आमचं कुणीच नाही अशा गावांहून. कळवलंत ते बरं झालं, आम्ही दिवे बदलले, डॉक्टरांना दाखवलं. एका बापानं लिहिलं होतं की माझी मुलगी अंगठा का फिरवते ते आम्हाला सहा महिने कळत नव्हतं.

आणि एक निरोप आला तो नुसता व्हिडिओ. खाली वर एक अक्षर नाही. आईनं तो चालू न करता एकेक चित्र वेगळं काढून बघितला. काळं, पांढरं, काळं, पांढरं. बारीक, बारीक, जाड, फट, बारीक. कुणीतरी आमची किल्ली वाचून, बसून, तयार करून पाठवली होती. कशासाठी? माझ्याशी त्याचं काय वाकडं होतं? गंमत म्हणून, आणखी काय. मी न्हाणीघरात जाऊन ओकले.

"मी सांगत होते," आई म्हणाली. बस, तेवढंच. आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वाट बुजवणारा जोड आला तो पहाऱ्याची मूळ मुदत संपली असती त्याच सुमारास. कोण्या परक्या माणसानं लिहिला होता. नावावरून बाई की बुवा, देश कुठला, काही कळेना. आईनं तो ओळ न् ओळ वाचला, दोन दिवस वाचला. खुला होता म्हणून वाचता तरी आला. मेंदूत पडलेली वाट नुसती पुसता येत नाही, तिच्याशेजारून दुसरी वाट दाखवून मेंदूला हळूहळू तिकडं वळवावं लागतं आणि मग दोन्ही सोडवाव्या लागतात, अशी त्याची रीत होती. म्हणजे किल्ल्या दोन हव्यात. एक माझी. वाचता वाचता आई थबकली आणि तिनं मला हाक मारली.

दुसऱ्या आकड्यांच्या वर त्या माणसानं एक ओळ लिहिली होती. दुसरी किल्ली माझी आहे. खरीच किल्ली लागत होती, आणि दुसऱ्या कुणाची वापरायचा मला हक्क नव्हता.

आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. दोन जाड, फट, तीन बारीक. एवढ्यानं तो माणूस पडतो, हे आता आम्हाला ठाऊक होतं, आणि ज्यानं मला व्हिडिओ पाठवला त्यालाही.

जोड लागू पडला. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना. उन्हाळा संपता संपता प्रमिलाकाकूंचा फोन आला, तोही सकाळी सकाळी, ओरडतच. "ऋजू, ह्यांनी पाय झाडले गं! हात गप हाय, नुसते पाय! सोताची फिट आली बघ!" नवऱ्याला फिट आली म्हणून पेढे वाटणारी बाई मी तेवढी एकच बघितली. काकांना त्या आता अंगणात बसवतात.

माझी वाट मात्र बुजली नाही. माझी ती पाडलेली नव्हेच, मुळातलीच आहे. पदर माझ्या डोक्यात आहे, किल्ली फळीवर आहे, आणि एकदा फळीवर गेलेलं परत येत नाही. काळा चष्मा मी अजून घालते. भीती गेलेली नाही. ती आता कशाची आहे ते मला माहीत आहे, इतकाच फरक.

गेल्या आठवड्यात आमच्या कारखान्यातले खोतसाहेब दिवाळीच्या मालाचा नमुना घेऊन टेबलाशी आले. निळ्यावर पांढऱ्या पट्ट्या, देखणं डिझाइन, माझंच. व्यापाऱ्यांना पसंत पडलं होतं. हजारो मीटर निघणार होतं. मी नमुना उजेडात धरला. दोन जाड, फट, तीन बारीक.

"हे बदलावं लागेल," मी म्हणाले.

"आता? का म्हणून?"

"एका माणसाला त्रास होईल."

"कुठल्या माणसाला?"

"माहीत नाही."

"ऱ्हातो कुठं?"

"तेही माहीत नाही."

खोतसाहेबांनी कपाळाला हात लावला. "आणि तू त्याच्यासाठी डिझाइन बदलायलीस, हे त्याला तरी माहीत हाय काय?"

"नाही," मी म्हणाले, आणि दुसऱ्या जाड पट्टीतले चार धागे कमी केले.